शेंडा लिवलास का?

भिवंडीच्या टेमघरात माझ्या तोंडाला सगळे वचकून असायचे. पाहुणे यायचे झाले की आई त्यांना आधीच सांगून ठेवायची, "पोरगी मनाची वाईट नाय, पण बोलते फाटकन." वनस्पतीशास्त्र घेऊन मी बी.एस्सी. झाले तेव्हा बाबा म्हणाले, "बरं झालं. आता झाडांशी भांड. ती उलट बोलत नाहीत." वर आणि हसले. मला असा राग आला की त्या दिवशी त्यांनी आणलेल्या पेढ्यांना मी हातसुद्धा लावला नाही.

बाबांचं सायझिंग होतं. लूमवर, म्हणजे मागावर, चढण्याआधी सुताला खळ लावायची आणि ते वाफेवर सुकवायचं, हा तो धंदा. वाफेसाठी बॉयलर आणि बॉयलरसाठी लाकूड. लाकडाचा ट्रक आला की बाबा त्याच्याभोवती नुसती एक फेरी मारून सांगायचे, यात ओलं किती आणि सुकं किती. "गीला माल मत दिखाओ मेरे को, पानी जलाने का शौक नहीं है," असं ड्रायव्हरला सुनवायचे. धुराडं आमच्या गच्चीवरून दिसायचं. वारा आमच्याकडे वळला की वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे कण बसायचे, आणि आई बाबांच्या नावाने बोटं मोडत सगळे कपडे पुन्हा पाण्यातून काढायची. बाबांना त्यातलं काही ऐकू जायचं नाही. लूमांच्या खटखटीचा आमच्याकडच्या नवऱ्यांना तेवढाच एक फायदा होता.

दोन हजार साल उलटून सहा-सात वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. पुण्याच्या एका संस्थेतले एक सर आमच्या कॉलेजात आले. वज्रेश्वरीच्या पलीकडे डोंगरावर जे जंगल आहे त्यात कार्बन किती साठलाय, हे त्यांना मोजायचं होतं. झाडाला टेप लावायला आणि फॉर्म भरायला त्यांना कोणीतरी हवं होतं. पदवी घेऊन मी मोकळीच होते, लगेच हात वर केला. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "म्हणजे आम्ही धूर सोडायचा आणि तू तो शोधत डोंगर चढायचास?"

"हो," मी म्हटलं, "आणि सापडला की तुम्हाला परत आणून देते."

सर भले माणूस होते. आवाज मऊ, कधी रागावणं नाही. माझ्यासारखीला अशा माणसाचा फार त्रास होतो. एसटीत त्यांनी मला सगळं नीट समजावलं. झाड हवेतला कार्बन ओढून घेतं आणि खोडात, फांद्यांत, मुळांत साठवून ठेवतं. सुक्या लाकडाचं जेवढं वजन, त्यातलं जवळजवळ निम्मं कार्बनचं. झाड उभं आहे तोवर तो कार्बन तिथेच, झाड जाळलं की पुन्हा हवेत. मी मनातल्या मनात बाबांचा एक ट्रक डोळ्यांपुढे आणला आणि खिडकीबाहेर बघत बसले. आपल्याला शिकवायची गरज नव्हती, आपण हे लहानपणापासून गच्चीवरून बघत होतो, असं मला वाटलं.

वज्रेश्वरीला उतरून पुढे तासभर चालल्यावर एक पाडा लागायचा. पंधरा-वीस घरं, कुडाच्या भिंती, खाली भाताची खाचरं आणि वर डोंगर. पाड्यातली एक बाई आम्हाला वाट दाखवायला आली. पन्नाशीच्या पुढची, बारीक चणीची, कमरेला कोयता अडकवलेला. मी तिला मावशी म्हणायचे आणि ती मला बाय म्हणायची. शाळेत ती कधी गेली नव्हती, पण त्या डोंगरावरचं प्रत्येक झाड तिच्या ओळखीचं होतं. नुसतं ऐन, किंजळ, मोह अशा नावाने नव्हे. हे झाड कुणाच्या वाट्याचं, याला वीज कधी चाटून गेली, याच्यावर घार कुठे बसते, सगळं.

आमचं काम असं असायचं. दोरी टाकून जंगलाचा एक चौकोन पाडायचा आणि त्यातल्या प्रत्येक झाडाचा घेर छातीच्या उंचीला मोजायचा. तिथे लाल रंगाचा पट्टा मारायचा, पत्र्याचा नंबर ठोकायचा. पहिल्या दिवशी मावशी बाजूला उभी राहून बघत होती. दुसऱ्या दिवशी तिने टेपच्या आधी स्वतःच एका ऐनाला कवेत घेतलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "आठ विती. वर दोन बोटं." सर हसले. मग त्यांनी टेपने तिची वीत मोजली, वहीत लिहिली, गुणाकार केला आणि झाडाला टेप लावला. बरोबर! पुढच्या झाडाला पुन्हा बरोबर. तिसऱ्या झाडाला एका बोटाचा फरक पडला तर मावशी म्हणाली, "तुमची पट्टी सैल धरलीय." सरांनी पट्टी ओढून धरली, आणि ते बोट गेलं.

"मावशी, मलाच तुमच्याकडे कामाला ठेवा," सर म्हणाले.

"न्हाय जमनार," ती म्हणाली. "तुमाला झाडावर चढता येत न्हाय."

आईशपथ सांगते, मी तोवर असं माणूस पाहिलं नव्हतं. कॉलेजात आम्हाला झाडाची लॅटिन नावं पाठ होती, पण फांदी मोडून हातात दिली तर झाड ओळखता येईल याची खात्री नव्हती. ही बाई पायाखालच्या पानाच्या आवाजावरून सांगायची की वर धावडा आहे. सरांनी तिला कार्बनचं समजावलं तेव्हा तिने एकच प्रश्न विचारला, "मंग भिवंडीचा धूर हितं येतो?"

"येतो की," मी म्हटलं. "माझ्या बाबांचाच असेल त्यातला थोडा."

"तुज्या बापाचा धूर आमची झाडं खातात?" ती एवढी हसली की खाली बसली. त्यानंतर मी दिसले की तिचं ठरलेलं वाक्य, "बापाला सांग, जरा कमी जाल. झाडांचं प्वाट भरलंय." हे मी बाबांना येऊन सांगितलं. बाबा म्हणाले, "त्यांना म्हणावं, आमच्या सुताची लुंगी नेसायची सोडा, मी बॉयलर बंद करतो." हाही निरोप मी पोचवला. मावशीला तो पटला. ती म्हणाली, "खरं हाय तेचं बी."

पण सगळी हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती. त्या डोंगरावरची बरीचशी झाडं वरून बोडकी होती. खोड जाडजूड, आणि डोकंच नाही. पार छाटलेलं, एखादीच फांदी राहिलेली. फॉर्ममध्ये एक रकाना होता, शेंडा शाबूत की तुटलेला. मी एकामागून एक लिहीत गेले, तुटलेला, तुटलेला, तुटलेला. दुपारी सरांना विचारलं की याचं पुढे काय होतं.

सरांनी वही मिटली. मग म्हणाले की निम्म्यापेक्षा जास्त झाडांचे शेंडे तुटलेले निघाले तर हा डोंगर सरकारदरबारी "ऱ्हास झालेलं जंगल" म्हणून नोंदला जाईल. आणि तशी जमीन कुठल्याशा एका कंपनीला हवी होती. त्यांना आपल्या धुराच्या बदल्यात कुठेतरी झाडं लावून दाखवायची होती. म्हणजे आधी हे सगळं साफ करायचं, खड्डे मारायचे, भराभर वाढणारी एकाच जातीची झाडं रांगेत लावायची आणि भोवती तारेचं कुंपण घालायचं.

"म्हणजे कार्बन साठवायला कार्बन साठवलेली झाडं तोडायची?" मी ओरडलेच. "हे कुठलं शहाणपण?"

"मी फक्त मोजतो," सर म्हणाले. "ठरवणारे दुसरे."

मला त्यांचा राग आला, पण त्यांच्यावर ओरडून उपयोग नव्हता. म्हणून मी मावशीवर ओरडले. उचलली जीभ लावली टाळ्याला. "तुम्हीच तोडून ठेवलीत ना ही झाडं? आता बसा! उद्या कुंपण घातलं की पानालासुद्धा हात लावू देणार नाहीत तुम्हाला."

मावशी उलट बोलली नाही. तिने माझं मनगट धरलं आणि मला डोंगर उतरवून खाली खाचरांपाशी नेलं. तिथे छाटलेल्या फांद्या पाल्यासकट पसरून ठेवल्या होत्या, वर शेण, त्यावर गवत, त्यावर माती. हा राब. उन्हाळ्यात तो भाजायचा आणि त्या राखेत पावसाच्या तोंडाला भाताचं बी पेरायचं. राखेने तण मरतं, रोप जोमाने येतं, मग ते उपटून खाचरात लावायचं. पुस्तकात मी राब एका ओळीत वाचला होता. पण त्या एका ओळीवर अख्ख्या पाड्याचं वर्षाचं जेवण अवलंबून असतं, हे त्या ओळीत नव्हतं.

"पौषात तोडतो आमी," ती म्हणाली. "पाला फांदीला धरून असतो तवाच. मागनं पाला गलून जातो. मोहाला हात न्हाय लावत, आंब्याला न्हाय लावत. आनि दर झाडाला एक फांदी ठेवायची, तेच्या जिवासाठी. तोडलंय न्हाय म्हनत, बाय. हजामत केलीय."

मग पुन्हा वर नेऊन तिने एका जुन्या ऐनाचा माथा दाखवला. तिथे गाठींवर गाठी होत्या. ही तिच्या हातची, ती नवऱ्याच्या, आणि त्याखालची सासऱ्याच्या हातची. दर वर्षी डोकं छाटायचे आणि दर वर्षी ते फुटायचं. माणसं गेली, झाड उभं होतं. आमच्या बॉयलरमध्ये गेलेलं एकही झाड पुन्हा फुटलं नव्हतं. मी त्या गाठींवरून हात फिरवला आणि मला माझ्या ओरडण्याची लाज वाटली. तसं मी तिला सांगितलं नाही, कारण माफी मागायची मला सवय नव्हती.

त्याऐवजी मी सरांशी भांडले. दोन दिवस भांडले. शेंडा छाटला म्हणजे झाड मेलं का, खोड वाढतंय की नाही ते बघा, हा तुमचा रकानाच चुकीचा आहे, सगळं बोलून घेतलं. सर ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "पुढच्या वर्षी याच दिवसांत पुन्हा मोजणी आहे. तोवर नोंद पक्की करत नाही. फॉर्मबद्दल मी वर लिहून बघतो, पण माझ्या हातात फार नाही."

निघताना मी पाड्यावर सगळ्यांना सांगितलं. पुढच्या फाल्गुनात आम्ही परत येणार, तेव्हा झाडांना शेंडे असले की डोंगर तुमच्याकडेच राहील. "एक पौष कोयता उचलू नका, म्हणजे झालं." किती सहज म्हणाले मी! कुणाला दोन दिवस तिखट खाऊ नका म्हणून सांगावं, तसं. एसटीत बसल्यावर मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

त्या दिवाळीत सरांचा फोन आला. त्यांनी लिहिलेलं पत्र मान्य झालं होतं. शेंड्याचा रकाना फॉर्ममधून काढून टाकला होता. आता फक्त घेर मोजायचा आणि वर्षभरात तो किती वाढला ते बघायचं. "तुझ्या भांडणाला यश आलं," सर म्हणाले.

काय सांगू! मी घरभर नाचले. आईला सांगितलं, बाबांना सांगितलं, कॉलेजात जाऊन सांगितलं. मार्गशीर्षात पूर्ण्याला, मामाच्या गावी, मामेबहिणीची हळद होती. पूर्ण्यात तेव्हा शेतं भरून गोदामं उभी राहायला लागली होती, मामाच्या खाचरावरही पत्र्याचं छप्पर चढलं होतं, आणि त्याच छपराखाली मांडव होता. बँजोच्या आवाजावर आवाज चढवून मी तिथे जमलेल्या प्रत्येक मावशी-काकूला सांगितलं की माझ्यामुळे सरकारी फॉर्म बदलला. निम्म्यांना काही कळलं नाही. एक काकू म्हणाली, "म्हंजे आता लग्नाचा फॉर्म पण भर." सगळ्या हसल्या, मीही हसले. बाबा कोपऱ्यात कुणाला तरी अभिमानाने सांगत होते, "पोरगी माझ्यावर गेलीय. सोडत नाही."

टेमघर झालं, पूर्णा झालं, कॉलेज झालं. जिथे सांगायला हवं होतं तिथे मात्र मी गेले नाही. पाड्यावर फोन नव्हता, रेंजही नव्हती. पण वज्रेश्वरीची एसटी होती आणि मला सगळे दिवस मोकळे होते. कुणी अडवलं नव्हतं. माझ्या डोक्यातच आलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

फाल्गुनात आम्ही परत गेलो. पाड्याच्या अलीकडच्या वळणावरून डोंगर दिसला आणि मी तिथेच उभी राहिले. सगळ्या झाडांना डोकी होती. पानं गळलेली होती, पण बारीक नव्या फांद्यांनी प्रत्येक माथा भरलेला, मध्येच पळस लाल झालेले. एका वर्षात! "सर, बघा, बघा!" मी धावत सुटले. मावशी पायथ्याशी उभीच होती, धुतलेलं लुगडं नेसून. आमच्यासाठी नेसली होती हे उघड होतं.

पहिलं झाड तेच, गाठींचं. मी टेप लावला, घेर वाढला होता. सरांचा चेहरा उजळला. मावशीला घेराचं काही नव्हतं. तिने मान वर करून बोट दाखवलं. "शेंडा बघ." मी बघितला. म्हणाली, "लिवलास का शेंडा?"

मी हातातल्या फॉर्मकडे पाहिलं. नवा फॉर्म, सुटसुटीत, घेराचे दोन रकाने. शेंड्याचा रकाना नव्हताच.

"हो," मी म्हटलं. "लिहिला."

दुसरं झाड. "शेंडा लिवलास?" "हो." तिसरं. चौथं. ती दर झाडाला विचारत होती, आणि मी दर झाडाला हो म्हणत होते. मला तोवर एवढंच वाटत होतं की बिचारीला नव्या फॉर्मचं माहीत नाही, नंतर सावकाश सांगू, किती आनंदात आहे. मग आम्ही कड्याच्या टोकाला आलो आणि मला खालची खाचरं दिसली. मागच्या वर्षी जिथे फांद्यांचे थर होते तिथे उघडी माती होती. काही वाफ्यांवर पेंढा पसरलेला, काहींवर तोही नाही. राब नव्हता. एकाही घराचा राब नव्हता.

फॉर्म हातात तसाच राहिला.

"मावशी, राब?"

"यंदा न्हाय घातला," ती म्हणाली. "तूच बोललीस ना, कोयता उचलू नका. पाड्याची बैठक बसली. दोघं-चौघं तयार नव्हते, मी बोलले, पोरगी आपल्यासाठी भांडलीय, आपन एक साल थांबू. मंग सगलेच थांबले." असं म्हणून ती पुढच्या झाडाकडे वळली आणि मान वर केली. "हेचा शेंडा बघ कसा आलाय."

मला खोटं बोलवेना. मी सगळं सांगून टाकलं. रकाना काढून टाकलाय. शेंडे मोजत नाहीत आता. छाटली असतीत तरी चाललं असतं. आणि मला हे दिवाळीतच कळलं होतं.

"दिवालीला?" मावशीने विचारलं.

"हो."

तिने मला शिवी द्यावी, कोयत्याची मूठ डोक्यात घालावी, काहीतरी करावं असं मला फार वाटत होतं. तिने मनाशी महिने मोजले. "दिवालीला कललं असतं," ती म्हणाली, "तर पौषात तोडलं असतं." त्यात टोमणा नव्हता. आपण म्हणतो ना, एसटी चुकली, तसं ती म्हणाली. मग तिने माझ्या हातातून टेपचं टोक घेतलं आणि झाडाभोवती फिरवलं. "लिव आता घेर. निम्मा डोंगर राह्यलाय अजून."

फाल्गुनात तोडून उपयोग नव्हता, पाला गळून गेला होता. राहिला होता तो खाली पडलेला पातेरा, सुका पाचोळा. त्यातही एक अडचण होती, पातेरा आम्हाला मोजायचा होता, झाडू नका असं आम्ही मागच्या वर्षीच सांगून गेलो होतो, म्हणून पाड्याने तोही झाडला नव्हता. सरांनी त्या संध्याकाळीच नमुने पिशव्यांत भरले आणि म्हणाले, "झालं माझं. आता झाडा." पुढचे तीन दिवस आम्ही सगळे डोंगर झाडत होतो. सरसुद्धा झाडू घेऊन, कमरेला हात लावत. एकदा ते मला म्हणाले, "चूक माझीही आहे. मीच येऊन कळवायला हवं होतं." मला त्यांचा संताप आला. माझी चूक होती, तीही हा माणूस वाटून घ्यायला निघाला होता.

पातेऱ्याचे भारे डोक्यावरून खाली नेताना मावशी म्हणाली की फांद्यांचा राब जास्त वेळ धगधगतो आणि जमीन खोलवर भाजतो, पातेरा भुर्रकन जळून जातो. "नुसत्या पातेऱ्यावर भागत न्हाय. पन जेवडं भागंल तेवडं." त्या तीन दिवसांत मी जेवढी गप्प होते तेवढी आयुष्यात कधी नव्हते. घरी आल्यावर आईने माझा ताप बघितला.

उन्हाळ्याच्या शेवटी सरांचं पत्र आलं. घेर वाढलेला निघाला होता, आणि चांगलाच. डोंगर "उभं, वाढतं जंगल" म्हणून नोंदला गेला. झाडं लावणारी कंपनी दुसरीकडे गेली. बाबांना मी पत्र वाचून दाखवलं तर म्हणाले, "मग तोंड का पाडून बसलीस? जिंकलीस ना?" मी त्यांना सगळं सांगितलं. बाबांनी माझ्या हातातलं पत्र घेऊन त्याची घडी घातली. मग म्हणाले, "लावणीला जा त्यांच्याकडे. हातपाय आहेत ना तुला?"

आषाढात गेले. हिरवा डोंगर इतका गच्च झाला होता की पाड्यावरून आकाश अर्धंच दिसत होतं. असं हिरवं मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि ते बघून माझा ऊर भरून आला हेही खरं आहे. मग खाली बघितलं. निम्मी खाचरं नुसती पाण्याने भरलेली, त्यांत रोप नाही. वाफ्यांतलं रोप पिवळट, विरळ, तणाने खाल्लेलं. जे होतं ते बायका मुठीमुठीने जपून लावत होत्या. शेजारच्या पाड्यावरच्या बायकाही मदतीला आल्या होत्या, दर वर्षी एकमेकींकडे जातात तशा. मी पदर खोचून चिखलात उतरले.

मावशीने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "ही आमची मोजनीवाली बाय. हिनं आमचा डोंगर राखला."

शेजारच्या पाड्यावरच्या एकीने माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. मग रिकाम्या खाचरांकडे बघून विचारलं, "आनि ह्या साली एवडं पडीक कसं गं तुमचं?"

"रोप कमी पडलं," मावशी म्हणाली आणि खाली वाकून लावायला लागली.

आमच्या पाड्यातल्या बाकीच्या बायकाही खाली बघून लावत होत्या. एकीनेही मान वर केली नाही. मला ते सहन झालं नाही. हळदीच्या मांडवात चढवला होता तसाच आवाज चढवून मी म्हणाले, "रोप कमी पडलं नाही, माझ्यामुळे पडीक आहे. मला दिवाळीत कळलं होतं की तोडलं तरी चालेल, आणि मी सांगायला आले नाही. हिने डोंगर राखला म्हणताय, मी काही राखलं नाही, तुम्ही उपाशी राहून राखलात!" बोलता बोलता मला रडू फुटलं. चिखलाच्या हाताने डोळे पुसले तर ते आणखीच झोंबायला लागले.

मावशीच्या पलीकडे एक तरणी बाई लावत होती. तिने वर बघितलं आणि अगदी सहज म्हणाली, "म्हाईत हाय गं बाय. फाल्गुनापास्नं सगल्यांला म्हाईत हाय. लाव आता, रोप सुकतंय."